कठड्यावरचे शेजारी : पक्ष्यांविषयी वाचकांचे प्रश्न

होळीनंतर या सदराच्या टपालात पक्ष्यांचे प्रश्न एकदम वाढतात. फेब्रुवारी ते ऑगस्ट हा आपल्या शहरी पक्ष्यांपैकी बहुतेकांचा विणीचा काळ. नेमक्या याच महिन्यांत सोसायट्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढतात, रंगकाम करतात, झाडं छाटतात आणि घरोघरी पंखे सुरू होतात. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, पनवेल इथून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : गॅलरीतल्या मधुमालतीच्या कुंडीत बुलबुलानं घरटं केलंय. तीन अंडी आहेत. झाडाला पाणी घालायचं की नाही? पक्षी घरटं सोडून जाईल अशी भीती वाटते. (कोथरूड, पुणे)

पाणी जरूर घाला. वेल वाळली तर घरट्यावरची सावली जाईल आणि एप्रिलच्या उन्हात अंडी टिकणार नाहीत. फक्त झारीनं वरून शिंपडू नका. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून किंवा नळी लावून थेट मातीत, कुंडीच्या कडेनं पाणी सोडा. बसलेला पक्षी चरायला उठून गेला की दोन मिनिटांत काम उरकायचं. कुंडी फिरवायची नाही, सरकवायची नाही, वेलीची एक फांदीही कापायची नाही.

बुलबुलाचं वेळापत्रक छोटं असतं. अंडी उबायला साधारण १२ ते १४ दिवस आणि त्यानंतर पिल्लं बाहेर पडायला ११ ते १३ दिवस लागतात. म्हणजे अंडी पूर्ण झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत तुमची गॅलरी मोकळी होते. या काळात घरटं फसण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. पहिलं कारण कावळा, भारद्वाज आणि मांजर. माणूस सारखा डोकावला की पालक पक्षी उडतात, कलकल करतात आणि त्या आवाजानं कावळ्याला पत्ता लागतो. त्यामुळे दिवसातून एकदा, तेही लांबून पाहणं पुरेसं. दुसरं कारण शेवटच्या टप्प्यातली घाई. पिल्लांच्या अंगावर पिसं आली, म्हणजे साधारण नवव्या-दहाव्या दिवसानंतर, जवळ जाऊन फोटो काढायला गेलं तर ती घाबरून वेळेआधी खाली उड्या मारतात. त्यांना अजून उडता येत नसतं.

नीट वाढलेली पिल्लंसुद्धा घरट्यातून निघतात तेव्हा फार तर या फांदीवरून त्या फांदीवर जाण्याइतपतच उडतात. पुढचे काही दिवस आईबाप त्यांना बाहेरच भरवतात. तेव्हा रिकामं घरटं आणि कुंडीमागे बसलेलं शेपूट नसलेलं पिल्लू दिसलं, तर सगळं ठीक चाललंय असं समजा. गॅलरीचा दिवा मात्र रात्री बंद ठेवा.

प्रश्न : गच्चीवर टिटवीनं चार अंडी घातली आहेत. ठेकेदार पुढच्या आठवड्यात येणार आहे. काही सभासद टिटवी अशुभ म्हणून अंडी खाली मैदानात नेऊन ठेवा म्हणतात. (नाशिक)

अंडी हलवू नका. टिटवीला घरट्याची जागा आजूबाजूच्या खुणांवरून ठाऊक असते. मैदानात नेलेल्या अंड्यांकडे ती येणार नाही आणि तासाभरात कावळा किंवा कुत्रा ती संपवेल. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना वा घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. हा मुद्दा सभासदांच्या बैठकीत उपयोगी पडेल. शुभाशुभाचं म्हणाल, तर टिटवी ओरडते ती राखण करताना. साप, मुंगूस, कुत्रा, माणूस, जे कोणी अंड्यांजवळ येईल त्याच्यावर. रात्री ओरडली तर कोणी तरी तिथून जातंय, एवढाच त्याचा अर्थ.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. आजूबाजूचं माळरान बांधकामाखाली गेलं की खडी पसरलेली सपाट गच्ची तिला माळासारखीच वाटते. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. ठेकेदाराला तेवढे दिवस थांबवा. ते अगदीच शक्य नसेल तर गच्चीच्या दुसऱ्या टोकापासून काम सुरू करू द्या आणि अंड्यांभोवतीची जागा शेवटी घ्या. दुपारी ११ ते ४ या वेळात तिथं कोणी जाऊ नये. पक्षी उठून गेला आणि एप्रिलचं ऊन थेट स्लॅबवर पडलं तर अंडी अक्षरशः शिजतात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, म्हणून गच्चीवरच एका ताटलीत बोटभर पाणी ठेवा.

खरी अडचण पिल्लं बाहेर आल्यावर सुरू होते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टिटवीची पिल्लं अंगावर लव घेऊनच जन्मतात आणि काही तासांत पळू लागतात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. किडे त्यांनी स्वतः टिपायचे असतात, आणि गच्चीवर किडे नसतात. म्हणून अंडी घातल्याची तारीख लिहून ठेवा आणि तिसऱ्या आठवड्यातच पुढची तयारी करा :

– पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं बारीक जाळीनं बंद करा. पिल्लू आत पडलं तर काढता येत नाही.
– पाण्याच्या ताटलीत खडे भरा, म्हणजे पिल्लू बुडणार नाही.
– दोन विटांवर एक फळी टेकवून सावली करा. पिल्लं तिच्याखाली जातात.
– महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. पिल्लं फुटताच तिथं किंवा तुमच्या भागातल्या वन्यजीव बचाव संस्थेला कळवा. सगळी पिल्लं एकदम, आईबापांच्या डोळ्यांदेखत, जवळच्याच मोकळ्या गवताळ जागेत उतरवतात. आईबाप ओरडत डोक्यावर घिरट्या घालत मागे येतात आणि ते यायलाच हवेत. ते पिल्लांपाशी उतरेपर्यंत एकानं लांब उभं राहून कुत्र्यांवर लक्ष ठेवायचं.

प्रश्न : चिमण्यांसाठी लाकडी घरटं विकत आणून टांगलं. वर्ष झालं, एकही चिमणी आली नाही. (डोंबिवली पूर्व)

घरट्याचं भोक मोजा. चिमणीला ३२ ते ३५ मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं. बाजारात मिळणाऱ्या कित्येक पेट्यांना ५० मिलिमीटरचं भोक असतं. त्यातून साळुंकी शिरते किंवा निदान तिची चोच तरी आत पोचते, आणि चिमणी अशी जागा टाळते. भोकाखाली बसायला दांडी लावलेली असेल तर काढून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र तिच्यावर पाय टेकता येतो.

पेटी सुताराकडून करून घेणार असाल तर मापं अशी द्या : तळ आतून १२ ते १५ सेंटिमीटर चौरस, उंची २० सेंटिमीटर, भोकाची खालची कड तळापासून १२ सेंटिमीटर वर. फळी १५ ते १८ मिलिमीटर जाड. छप्पर पुढच्या बाजूला दोन-तीन इंच बाहेर आलेलं आणि उतरतं. तळाच्या कोपऱ्यांत ६ मिलिमीटरची चार भोकं, म्हणजे पाणी निथळेल. छपराखाली हवेसाठी तशीच दोन. एक बाजू किंवा छप्पर बिजागरीवर उघडता आलं पाहिजे, नाहीतर साफ करता येत नाही. आतून रंग किंवा पॉलिश नको. पुठ्ठ्याची आणि बुटांच्या खोक्याची घरटी पहिल्या पावसात मऊ पडतात, तीही पिल्लं आत असताना. ती लावू नयेत हेच बरं.

पेटी कुठे लावली हे मापाइतकंच महत्त्वाचं. जमिनीपासून किंवा गॅलरीच्या तळापासून ८ ते १० फूट वर, भिंतीला घट्ट ठोकून, सज्जाखाली लावायची. टांगून ठेवलेली आणि वाऱ्यानं झुलणारी पेटी चिमणी नाकारते. तोंड पश्चिमेला आणि नैऋत्येला नको, कारण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिकडूनच येतात. पूर्व किंवा उत्तर चांगली. चिमण्या वस्तीनं राहतात, म्हणून एका पेटीपेक्षा हातभर अंतरावर तीन-चार पेट्या लावा. आत गवत भरून ठेवू नका, ते काम तिचं. जवळ वाळकं गवत आणि काथ्या ठेवा. नायलॉनचे दोरे, लोकर, केस मात्र अजिबात नकोत, कारण ते पिल्लांच्या पायात गुंतून पाय कापला जातो.

एवढं करूनही चिमणी आली नाही तर आजूबाजूला पाहा. पिल्लांना पहिले काही दिवस दाणे चालत नाहीत, अळ्या आणि किडे लागतात. सोसायटीच्या बागेत दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक फवारलं जात असेल, जमीन सगळी पेव्हर ब्लॉकखाली असेल, तर चांगल्या पेटीचाही उपयोग नाही. दाट झुडूप, थोडी उघडी माती आणि धुळीत लोळायला जागा मिळाली की चिमण्या टिकतात. मोठ्या पसरट परातीत दोन इंच जाडीची कोरडी, चाळलेली माती ठेवलीत तरी त्या धुळीची अंघोळ करायला येतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात देशपातळीवर चिमण्यांची संख्या साधारण स्थिर दिसली, घट दिसली ती महानगरांत. म्हणजे अडचण चिमणीत नाही, आपल्या इमारतींच्या आवारात आहे, आणि आवार आपल्याला बदलता येतं.

प्रश्न : काळा-पांढरा छोटा पक्षी शेपटी वर करून फिरतो. तो दयाळ की चिरक? (वारजे, पुणे)

पोट पाहा. पोट पांढरं असेल तर दयाळ. दयाळ बुलबुलाएवढा असतो, त्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा बसलेला असतानाही स्पष्ट दिसतो आणि शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या असतात. चिरक त्याहून लहान, चिमणीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या पोटावर पांढरं काही नसतं, खांद्यावरचा पांढरा ठिपका मुख्यतः उडताना चमकतो, आणि शेपटीखाली विटकरी रंग असतो. शेपटी तो सतत उभी ठेवतो, म्हणून हा विटकरी रंग दिसतोच. दयाळाची मादी नरासारखीच, पण काळ्याच्या जागी राखी. चिरकाची मादी तपकिरी.

जागेवरूनही अंदाज येतो. झाडं, ओली माती आणि पालापाचोळा असलेल्या बंगल्यांच्या आवारात दयाळ. टेकडीचा पायथा, दगडविटांचे ढीग, अर्धवट बांधकामं अशा कोरड्या ठिकाणी चिरक. वारज्यात टेकडी आणि वस्ती लागून असल्यामुळे दोन्ही दिसतील. मार्च ते जून पहाटे टीव्हीच्या अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून लांबलचक, वळणं घेत शीळ घालणारा तो दयाळाचा नर.

प्रश्न : खिडकीच्या काचेवर एक पक्षी रोज सकाळी टोचा मारत राहतो. आत यायचंय का त्याला? (पनवेल)

नाही. काचेत त्याला आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि तो त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर समजतो. दयाळ, बुलबुल, शिंजीर (सूर्यपक्षी), धोबी हे सगळे असं करतात. मोटारीच्या आरशाशीही भांडतात. आतून पडदा लावल्यानं प्रतिबिंब उलट ठळक होतं. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाच्या पाण्याचा हात फिरवून ती धूसर करा. दोन-तीन आठवडे पुरे. आरशावर जुना मोजा चढवायचा.

वेगानं येऊन काचेवर आपटणं हा वेगळा प्रकार आहे आणि तो जीवघेणा ठरतो. काचेत समोरचं झाड दिसतं, पक्षी त्या झाडाकडे झेपावतो. काचेवर ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी चित्राच्या बाजूनं जायला बघतो आणि तिथेही काचच असते. बाहेरच्या बाजूनं, दर दोन इंचांवर एक याप्रमाणे ठिपके किंवा पट्ट्या संपूर्ण काचेवर लावल्या तरच उपयोग होतो. पांढऱ्या ऑइलपेंटचे बोटाच्या टोकाएवढे ठिपकेही चालतात.

प्रश्न : पारव्यांनी एसीच्या मागे घाण करून ठेवली आहे. काटे लावले, तर त्यातच काड्या अडकवून घरटं केलं. घरात दम्याचा रुग्ण आहे. (ठाणे पश्चिम)

दम्याच्या रुग्णाला या कामापासून पूर्ण लांब ठेवा. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून सतत जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली तर फुप्फुसं कडक होतात. विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीपासूनही आजार होऊ शकतो. म्हणून कोरडं झाडायचं नाही, ही पहिली अट. साबणाचं पाणी शिंपडून १५ मिनिटं भिजू द्या, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, खरवडून पिशवीत भरा, पिशवी बांधून मगच कचऱ्यात टाका. घराची खिडकी त्या वेळी बंद हवी आणि एसीही.

अंडी किंवा पिल्लं असतील तर ती बाहेर पडेपर्यंत थांबा. उबवणीचे साधारण १८ दिवस आणि पिल्लं उडायला त्यापुढे महिनाभर. पिल्लं गेली की त्याच दिवशी जागा बंद करा, कारण पारवा वर्षभर वीण करतो आणि तीच जोडी पुन्हा तिथेच अंडी घालते. काट्यांपेक्षा उतार चांगला. कठड्यावर पत्रा किंवा फळी ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी बसवली की काडी ठरत नाही. एसीमागची फट मात्र जाळीनंच बंद करावी लागते.

जाळी लावताना कामात ढिलाई झाली की पक्षी अडकून मरतात. ठेकेदाराकडून तीन गोष्टी पाहून घ्या. जाळी चौकटीला ताणलेली असावी, बोटानं दाबल्यावर झोळ पडू नये. कडेनं दर फुटावर हूक असावा. वर, खाली आणि पाइपांभोवती मूठभरही फट राहू नये. ढिल्या जाळीत आणि अर्धवट फटीत आत शिरलेला पारवा बाहेर येऊ शकत नाही. चिकट जेल, डांबरगोळ्या, विष यांच्या वाटेला जाऊ नका. चिकट जेल चिमण्या आणि शिंजीर यांनाही धरून ठेवतं.

आणि इमारतीत कोणी रोज धान्य टाकत असेल तर त्यांच्याशी शांतपणे बोला. भूतदयेची भावना खरी असते, पण पोतंभर ज्वारी टाकल्यावर येतात ते पारवेच. त्यांच्या गर्दीपुढे चिमण्या आणि होले टिकत नाहीत.

प्रश्न : मग पक्ष्यांना खायला घालायचंच नाही का? पाण्याचं भांडं तरी कसं ठेवावं? (चिंचवड)

पाणी बिनधास्त ठेवा. त्यातून पारव्यांची संख्या वाढत नाही आणि मार्च ते जून त्याची खरी गरज असते. मातीचं पसरट भांडं घ्या, तळ खडबडीत, कडेला एक इंच आणि मधे फार तर दोन इंच खोल. खोल वाटीत किंवा गुळगुळीत प्लास्टिकच्या टबात लहान पक्षी बुडतात. मधे एक सपाट दगड ठेवा. तो पाण्याबाहेर आलेला असावा. भांडं सावलीत हवं, पण झुडपाला चिकटून नको, कारण मांजर तिथेच दबा धरतं. सहा-सात फूट मोकळी जागा आणि त्यापलीकडे फांदी असावी. रोज पाणी बदला आणि काथ्यानं कडा घासा. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

धान्य द्यायचंच तर मूठभर राळे किंवा बाजरी, सकाळी एकदा, तासाभरात संपेल एवढीच. ओलं होऊन बुरशी आलेलं धान्य लगेच टाकून द्या. फरसाण, शेव, मीठ घातलेला भात, पाव, बिस्किटं, दूध यांपैकी काहीही नको.

धान्यापेक्षा झाड लावण्याची शिफारस आम्ही जास्त आग्रहानं करू. कढीपत्ता कुंडीत चांगला वाढतो. त्याची काळी फळं पिकली की बुलबुल आणि कोकीळ येतात. तुती मोठ्या कुंडीत येते. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर दिवसभर असतात. अडुळसा आणि जास्वंदही त्यांना आवडतात, फक्त जास्वंद साधी, एकेरी पाकळ्यांची घ्या. आवारात जागा असेल तर उंबर. एक उंबर फळला की तांबट, हळद्या, पोपट, राखी धनेश सगळे हजेरी लावतात. एवढं देणारं दुसरं झाड नाही.

प्रश्न : हिवाळ्यात आलेला पिवळट शिंजीर आता काळा-जांभळा झाला आहे. तोच पक्षी आहे का? (नाशिक रोड)

तोच असू शकतो. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की मादीसारखा पिवळट दिसू लागतो, मात्र हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद रेघ राहते. वीण जवळ आली की पुन्हा सर्वांग काळं-जांभळं चमकू लागतं. मधल्या काळात ठिगळं लावल्यासारखा दिसतो आणि अनेकांना तो वेगळीच जात वाटतो. पोट पिवळं आणि छातीवर किरमिजी पट्टा वर्षभर दिसत असेल तर तो जांभळ्या पाठीचा शिंजीर.

प्रश्न : कोकिळा पहाटे ३ वाजल्यापासून ओरडते. काही उपाय? (कल्याण)

ओरडतो तो नर, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तिचा आवाज ‘किक् किक्’ असा तुटक. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे शहरातल्या कोकिळाची पहाट लवकर होते. झाडाकडे तोंड करून लावलेला फ्लडलाइट सोसायटीनं खाली वळवला तर फरक पडू शकतो. बाकी पावसाळा सरता सरता तो आपोआप शांत होतो. जून-जुलैत कावळ्याच्या मागे तोंड वासून फिरणारं, कावळ्यापेक्षा वेगळंच दिसणारं पिल्लू पाहिलंत तर ते याचंच.

प्रश्न : पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार २०×५० दाखवतो. (बाणेर, पुणे)

८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. २० पटीत हाताचा कंपही २० पट दिसतो आणि चित्र स्थिर राहत नाही. शिवाय दिसणारं क्षेत्र इतकं लहान होतं, की फांदीवरचा शिंजीर सापडेपर्यंत उडून जातो. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. पहाटे आणि दाट झाडीत तो उपयोगी. ५० भागिले २० म्हणजे अडीच, त्यामुळे सावलीतला पक्षी काळाच दिसतो. झूमची दुर्बीण टाळा.

दुकानात चार गोष्टी तपासा. किती जवळचं स्पष्ट दिसतं (गॅलरीसाठी तीन मीटरच्या आत हवं), वजन (सातशे ग्रॅमपर्यंत मानेला सोसतं), आत हवाबंद वायू भरलेला आहे का (नाहीतर पावसाळ्यात भिंगांवर आतून बुरशी धरते), आणि चष्मा लावणारे असाल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडून पूर्ण गोल दिसतं का.

नवी दुर्बीण घेऊन ‘धूसर दिसतं’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी ती आपल्या डोळ्यांना जुळवलेलीच नसते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं झाका, मधलं चाक न हलवता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. त्या कड्याची खूण लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं.

प्रश्न : नोंदी कशा ठेवाव्यात? आठवीतल्या मुलीला आवड लागली आहे. (डोंबिवली)

रोज एकाच खिडकीतून, एकाच वेळी, १५ मिनिटं. दिसलेली प्रत्येक जात आणि संख्या लिहायची. कावळे, पारवेसुद्धा वगळायचे नाहीत, कारण फक्त दुर्मीळ पक्षी लिहिलेल्या यादीवरून कुठलीच घट-वाढ कळत नाही. एकाच वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा धरायचा, नाहीतर तीच साळुंकी चार वेळा मोजली जाते. ओळखता आला नाही तर अंदाजानं नाव न लिहिता आकार, चोच, शेपटीची हालचाल आणि जागा लिहून ठेवायची. हीच यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते.

फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक पक्षीगणनेत भारत २०१३पासून सहभागी आहे. घरच्या खिडकीतली १५ मिनिटांची यादीही त्यात चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्मदिवस. सुरुवात करायला हा आठवडा उत्तम, कारण तोवर धोबी हिवाळ्यासाठी येऊन पोचलेले असतात. मैदानात शेपटी खालीवर हलवत पळणारा राखाडी-पांढरा पक्षी तिच्या यादीत पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला हे लिहायला सांगा. दरवर्षीची ती तारीख फार उपयोगी पडते.

प्रश्न : गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री गॅलरीत एक रंगीत, आखूड शेपटीचा पक्षी निपचित सापडला. पाणी पाजलं तरी वाचला नाही. पुन्हा असं झालं तर काय करावं? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

वर्णनावरून तो नवरंग. हिरवी पाठ, निळा खांदा, डोळ्यावर काळा पट्टा, शेपटीखाली लाल. हे पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडच्या जंगलांत येतात आणि प्रवास रात्री करतात. येऊरच्या रानाला लागून उंच, उजळ इमारती असल्यानं दमलेले पक्षी दिव्यांनी गोंधळून काचांवर आपटतात.

पाणी चोचीत घालू नका. बेशुद्ध पक्ष्याचं पाणी श्वासनलिकेत जातं आणि त्यानंच तो दगावतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलच्या जाडीची आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती कापड घाला, पक्ष्याला दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलून आत ठेवा आणि झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच औषध. हळद, तेल, बँडेज काही नको. पंख्याखाली आणि मुलांच्या गराड्यात खोकं ठेवू नका. दोन तासांत आतून फडफड ऐकू येऊ लागली आणि बाहेर उजेड असेल तर झाडी असलेल्या शांत ठिकाणी जमिनीवर खोकं उघडून मागे व्हा. नवरंग जमिनीवर वावरणारा पक्षी आहे, त्याला हवेत उडवायचं नाही. रात्री सापडला तर सकाळपर्यंत तसाच ठेवा. एक पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा मान वाकडी असेल तर स्वतः सोडू नका, १९२६ला फोन करा.

मेच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंत गच्चीवरचे शोभेचे दिवे आणि जाहिरातींचे फ्लडलाइट रात्री ११ नंतर बंद ठेवायचा ठराव सोसायटीनं केला तर घोडबंदरच्या पट्ट्यात बरेच नवरंग वाचतील. ठरावाला मेपूर्वीची सभा गाठा.